सईच्या माश्या सांभाळताना

रविवार, १० मे
नोकरी सुटली तरी डोकं एकदम शांत. कुणावर हात उचललेला नाही. मॅनेजरच्या वेळीसुद्धा स्टेपलर उचलला होता, हात नाही.
बायको, म्हणजे सई, लॅबमधून काचेच्या नळ्यांचा डबा घरी घेऊन आली. लॅबची वीज बंद आहे. नळ्यांत फळमाश्या. आपली चिलटंच, पण पीएचडीवाली. डबा गरम केला की त्यांच्या मेंदूतला झोपेचा खटका पडतो की काय, असं ती समजावत होती. हातपंख्याच्या आकाराचा भाग वगैरे. मी मान हलवली. मुद्दा कळला: माश्या जिवंत ठेवायच्या. या जातीच्या एवढ्याच उरल्यात, गेल्या तर थीसिस गेला. म्हटलं, मी आहे ना!

सोमवार, ११ मे
सासूबाई कुडाळहून आल्या, सोबत पिकलेला फणस. अख्ख्या घाटकोपरची चिलटं आमच्या ओट्यावर. मच्छर मारायची बॅट आणली. फट्! फट्! जळका वास. झकास.
सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, जावई सध्या माश्या मारतात. मी चिडलो नाही. फक्त चहाचा कप भिंतीवर फोडला. तिथे चिलट बसलं होतं.

मंगळवार, १२ मे
संकल्प: आज हिंसा नाही.
शेजारचे मधुकरकाका एवढी आदळआपट कसली म्हणून विचारायला आले. त्यांच्या टकलावर चिलट. समाजसेवा म्हणून बॅट घातली. चार्जिंग फुल होतं. काका किंचाळले, पोलीस बोलवतो म्हणाले. मी चप्पल उगारली, पण मारली नाही. प्रगती आहे.

बुधवार, १३ मे, सकाळ
सईने डबा गरम करायला लावला नि गाईडकडे पवईला गेली. संध्याकाळी येऊन निकाल बघणार. हात लावू नकोस रे, असं तीनदा बजावलं. कमाल आहे! मी काय लहान आहे?

दुपार
वाट लागली. सगळ्या माश्या निपचित. हात लावायचा नव्हता, म्हणून नुसता काचेला तोंड लावून ओरडलो. शिव्यासुद्धा दिल्या. एक हलेल तर शपथ. उकाड्याने मेल्या बिचाऱ्या. यात माझी काय चूक?
पुरावा ठेवून चालणार नाही. पातेल्यात पाणी उकळलं, नळ्या त्यात झटकल्या. पडता पडता काही फडफडल्या. वाफेने असेल. मग फणसावरची ताजी चिलटं पकडून नळ्यांत भरली. माशीसारखी माशी, कोणाला कळतंय!

रात्र
सईला कळलं. आल्या आल्या नळ्यांत नाचणारी चिलटं बघून ती मटकन खालीच बसली. मग भिंगातून बघितलं. तिच्या माश्यांचे डोळे नारिंगी होते म्हणे, यांचे लाल. माझ्या माश्या कुठायत, विचारलं. मी लपवाछपवी करणारा माणूस नाही. सगळं सांगितलं. मेल्या होत्या गं, हलत नव्हत्या.
एकही नाही? तिने विचारलं.
एकही नाही.
ती हसली. मग हुंदके देऊन रडायला लागली. खटका पडला होता म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या झोपल्या होत्या.
मी म्हटलं, म्हणजे जमलं की! अभिनंदन!
तिने खाडकन माझ्या मुस्काटात मारली. गालावर चिलट बसलं होतं म्हणाली.
असेल.