आर्णीपर्यंतची गोष्ट

प्रिय आई,

तुम्हाला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलंच नव्हतं. एका घरात राहणाऱ्या सासवा-सुना कुठे एकमेकींना पत्रं लिहितात! तुम्ही पुढच्या छपरीत, मी स्वयंपाकघरात, एक हाक मारली की झालं. आता हाक मारून उपयोग नाही, आणि मला तुम्हाला एक सांगायचं आहे, एक विचारायचं आहे.

आधी सांगते. मला शाळेत घेतलं, आई! तीच आपल्या महागावातली इंग्रजी शाळा, जिथून मी पहिल्या खेपेला तोंड पाडून आले होते. तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा बोलावणं आलं. आता सहावीला इंग्रजी मी शिकवते. पहिल्या दिवशी साडीला पिना लावून निघाले, तर सवयीनं रिकाम्या छपरीकडे बघून "येते" म्हणाले. मग गेटपर्यंत डोळे पुसत गेले.

या आठवड्यात भूतकाळाचा धडा आला. पुस्तकातली वाक्यं मला आता सोसवत नाहीत, ती खोड तुम्हीच लावलीत. म्हणून फळ्यावर तुमची वाक्यं लिहिली. शी हॅड फिल्ड द वॉटर. शी लेफ्ट द हाउस. शी गॉट डाउन ॲट आर्णी. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "देन, टीचर?" मी म्हटलं, एवढंच आहे. ती ऐकेना. बाकीचेही पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. काय सांगणार होते मी त्यांना? पुढचं मलाच माहीत नाही.

तेच विचारायला हे पत्र आहे. आर्णीला काय झालं, आई?

हे सगळं सुरू कसं झालं ते आठवतं ना? पहिल्या मुलाखतीला मी भूतकाळाच्या सगळ्या व्याख्या पोपटासारख्या म्हणून दाखवल्या होत्या. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, पुस्तक राहू द्या, काल दिवसभर काय केलं ते इंग्रजीत सांगा. झालं! आय हॅड गॉन, आय हॅड कम, आय हॅड कुक्ड. आपण इकडे सरसकट गेलतो, आलतो, केलतं, म्हणजे गेलो होतो, आलो होतो असंच बोलतो, ते तसंच्या तसं इंग्रजीत उतरलं आणि दिसेल त्या वाक्याला मी हॅड चिकटवत सुटले. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. हसू लपवायलाच लावला असणार.

घरी येऊन मी भांडी घासता घासता रडले. काय झालं म्हणून तुम्ही विचारलं नाही. चहा टाकलात, कप माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "मले सांगत जाय. मले कुठं इंग्रजी समजते! चुकली तरी कोण हासन?"

दुसऱ्या दिवसापासून आपली दुपारची शाळा भरायला लागली. तुमच्या हातात पाखडायच्या तुरीचं सूप, माझ्या हातात काहीच नाही. मी सुरुवात केली ती राम आणि आंब्यापासून. तुम्ही अर्थ विचारलात. रामने आंबा खाल्ला, मी सांगितलं. कोणता राम, तुम्ही विचारलंत. पुस्तकातला, म्हटलं. त्यावर तुमचा निकाल ठरलेला होता, की ज्याला आपण ओळखत नाही त्यानं आंबा खाल्ला की नाही याची साक्ष आपण कशाला द्यायची?

म्हणजे खरंच बोलायचं. ठीक आहे. काल मी वांग्याची भाजी केली. काल मी माझ्या लेकीची, ओवीची वेणी घातली. काल मी पोछा मारला. चार-पाच दुपारी गेल्या आणि माझ्या लक्षात आलं की माझे सगळे काल एकसारखे आहेत. मी वैतागून तसं बोललेही. तुम्ही तूर पाखडायचं थांबवलंत.

"माह्यं घे मंग. माह्याजवळ लय पडलं आहे."

आई, असं काही कुणी मला कधी दिलं नव्हतं. माहेरून पाटल्या मिळाल्या, तुमच्याकडून मंगळसूत्र मिळालं, पण स्वतःची गेलेली वर्षं उचलून कोण देतं! कळंबचं तुमचं माहेर मी तिथं न जाता बघितलं. तंबूतला सिनेमा बघायला तुम्ही कनातीखालून घुसला होतात. तुम्हाला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवता यायची. लग्नात आबांचे नवे बूट तुमच्या बहिणींनी लपवले आणि ते सापडले तेव्हा एका बुटाचा टाचेकडचा भाग बकरीनं चघळला होता. आबा बिचारे लंगडत मांडवात आले, आणि आपला नवरा पायानं अधू आहे असं समजून तुम्ही बोहल्यावर रडलात! हे इंग्रजीत सांगताना मला इतकं हसू येत होतं की क्रियापदं सापडत नव्हती.

तुम्ही वऱ्हाडीत सांगायच्या, मी इंग्रजीत फिरवायची. मी अडले की तुम्ही थांबायच्या, मला शब्द सापडला की मान हलवून पुढे जायच्या. ती मान हलवणं मला अजून हवं आहे. वर्गात बोलता बोलता मी खिडकीकडे बघते ना, ते त्यासाठीच.

मग ती दुपार आली. आज हे घे, म्हणालात. "एक दिवस मी घर सोडून गेलती."

तुमच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. बकरीची गोष्ट सांगावी तसंच सांगत होतात. पाणी भरून ठेवलं होतं. भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या होत्या. आबांचा सदरा धुऊन वाळत घातला होता. शेजारच्या काकूंना पोराकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मग तुम्ही निघालात. आणि पोरगं झोपलं होतं.

दाराबाहेर पाय टाकण्याआधी जे जे उरकलं होतं, त्याला हॅड. निघालात, तो साधा भूतकाळ. आणि पोरगं, ही वॉज स्लीपिंग. इतकी वर्षं नियम घोकून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका दुपारी शिरलं. कोणतं आधीचं, कोणतं नेमकं तेव्हाचं, आणि तेव्हा मागे काय चालू होतं. आनंदानं मी टाळी वाजवली! टाळी वाजवून झाल्यावर मला कळलं की ते झोपलेलं पोरगं म्हणजे माझा नवरा.

कुठे निघाला होतात, मी विचारलं. ठरवलंच नव्हतं, म्हणालात. माहेरी तर जायचंच नव्हतं. आबांशी भांडण? नाही. कुणी मारलं, कुणी काही बोललं? तसंही नाही. तुम्ही सुपातली तूर बोटानं सारखी करत राहिलात आणि म्हणालात, "थकलती मी. बस."

यवतमाळच्या गाडीत बसलात. गाडी आर्णीला चहासाठी थांबली. तुम्ही खाली उतरलात. आणि गोष्ट इथवर आली, नेमका तेव्हाच आपल्या दारात गॅसचा सिलिंडर आला! बाकीचं उद्या सांगते म्हणून तुम्ही उठलात, ते उठलातच. दुसऱ्या दिवशी फुलसावंगीहून ताई माहेरपणाला लेकरं घेऊन आल्या. लेकरांनी घर डोक्यावर घेतलं, त्यांच्यासाठी काड्यांवर कणीक वळून सरगुंडे झाले, आणि त्या परत जायच्या आत तुमच्या पोटात दुखायला लागलं.

यवतमाळच्या दवाखान्यात एकदा आपण दोघीच होतो. मी तुमच्या कानाशी वाकून विचारलं. अशा वेळी विचारावं का, असं मनात आलंच, पण राहवलं नाही. तुम्ही डोळे उघडलेत. ओठ कोरडे पडले होते, तरी हसलात.

"वापस आलती ना मी. झालं त मंग."

झालं कसं, आई? मला तुमचा रागच येतो कधी कधी. शिट्टी सांगितलीत, बूट सांगितलेत, आणि जे सांगायला हवं होतं ते आर्णीच्या स्टँडवर सोडून गेलात. कुणी ओळखीचं भेटलं का? भीती वाटली? पैसे संपले? की चहाचा घोट घेतलात आणि उगाचच वाटलं, चला, जाऊ घरी? आबा नाहीत, त्या शेजारच्या काकू नाहीत. विचारू कुणाला?

तुम्ही गेल्यावर हे रोज जेवणानंतर विचारायला लागले, दुपारी तुम्ही दोघी काय बोलत होत्या? तुमच्या लेकाला तुम्ही ठाऊकच आहात कुठे! मी एकेक सांगत गेले. शिट्टीचं ऐकून दोन बोटं तोंडात घालून बघितली यांनी, नुसती हवा निघाली. आपल्या आईला शिट्टी येत होती आणि आपल्याला कधी वाजवून दाखवली नाही, याचं त्यांना फार लागलं. मग सगळ्या गोष्टी संपल्या, एक सोडून. संपल्या म्हटलं तरी ते रोज विचारत राहिले. ती एक मी दाबून ठेवली होती. आई आपल्याला झोपलेलं सोडून गेली होती, हे आईवेड्या माणसाला कसं सांगायचं? आणि तुम्ही तरी ते मला सांगितलं होतं की नुसतं वाक्यासाठी दिलं होतं?

पण परवा वर्गात त्या पोरीनं विचारलं आणि मला कळलं की हे माझ्याच्यानं एकटीनं धरवणार नाही. संध्याकाळी हे छपरीत, तुमच्या जागेवर, दुकानात आलेली कुणाच्या तरी पंपाची मोटार घेऊन तिचं वाइंडिंग करत बसले होते. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. मराठीत सांगितलं, आहे तसं. पाणी, भाकरी, सदरा, काकू, गाडी, आर्णी. यांचा हात थांबला. तांब्याची तार बोटाभोवती तशीच राहिली. वाटलं, आता चिडतील. तुमच्यावर नाही तर माझ्यावर.

मग खाली बघतच बोलले.

"वापस आली तेव्हा मी जागा होतो का?"

आई, मी आजवर तुम्हाला शंभर प्रश्न विचारले असतील मनातल्या मनात. हा मला सुचला नाही. तुम्ही का गेलात, का परतलात, मी तेवढ्यातच अडकले होते. त्यांना तेवढंच हवं होतं, की तुम्ही दारात आलात तेव्हा त्यांनी बघितलं का. आणि ते सांगणारं आता कुणीच नाही. आता मोठा माणूस तो, केसांत पांढरे दिसायला लागलेले, हातातली तार खाली ठेवून लहान पोरासारखा रडला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात तुमचा हवा होता हो.

शेवट मला जुळवता आला असता. त्या वर्गातल्या मुलीलाही आवडला असता. स्टँडवर एक बाई दिसली, तिच्या कडेवर मूल होतं, वगैरे. पण न घडलेलं मी तुमच्या नावावर चढवणार नाही. काल वर्गात मी सांगून टाकलं की पुढचं मला माहीत नाही, आणि ती सांगणारी आता नाही.

आज सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, रविवारी दुकान बंद ठेवतो, आर्णीला जाऊन येऊ. तिथे काय सापडणार आहे? काहीच नाही, त्यांनाही ठाऊक आहे. आम्ही तिघं यवतमाळच्या गाडीत बसू, तिथे उतरू, चहा पिऊ आणि महागावची गाडी धरू.

तुम्हाला एक शब्द देते, आई. येताना ओवी गाडीत झोपणारच, तिला बसची झोप लगेच लागते. हे तिला खांद्यावर घेतील. पण दारात आलो की मी तिला उठवणार आहे. कुरकुरली तरी, रडली तरी. आपले आई-बाबा आपल्याला घेऊन घरी परत आले, हे तिनं डोळे उघडे ठेवून बघितलं पाहिजे.

तुमच्या आवाजासाठी कान लावून बसलेली,
वैशाली