डोलकाठीखालचा आवाज

अण्णा,

परवा शनिवारी तुमची नात एक जुनी शिडाची बोट विकत घेणार आहे, आणि ती बोट सडलेली आहे. सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आहे. चहा दोनदा गार झाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तिला तुम्ही फक्त फोटोतले माहीत. तरी हे सांगायला मला तुमच्याखेरीज कुणी सुचत नाही.

तुमच्या वेळी बोट म्हणजे खडकवासल्याच्या क्लबातल्या साहेबांची, आणि तुम्ही तिचे मिस्त्री. आता हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारी तिशीतली मुलगी बोट घेते म्हटल्यावर सोसायटीत कुणाच्या भुवयाही उंचावत नाहीत. धरणाच्या पाण्यावर ती शीड चालवायला शिकली तोवर ठीक होतं, काठ दिसायचा. आता तिला झोपायला छोटी केबिन असलेली बोट हवी आहे. सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं आणि वर्षातून एखाद्या शर्यतीत उतरायचं. मला पोहता येत नाही, अण्णा. तुम्हालाही येत नव्हतं. तीस वर्षं होड्या दुरुस्त केल्यात, पण एकीतही कधी बसला नाहीत.

पहिली बोट धरणाच्या काठावरच होती, ताडपत्रीखाली, ट्रेलरवर. "आई, तू आजोबांसारखं ठोकून बघ ना," ती म्हणाली. तिनं इंटरनेटवर वाचलं होतं, की जुन्या बोटीचं अंग आतून ओलं झालंय का ते अजूनही असंच ओळखतात. मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं तळापासून वर ठोकत निघाले. मालक निवृत्त गृहस्थ, खुर्ची टाकून बसलेले. "ठोका, बाई. पण दार नाहीये ते, आतून कुणी उघडणार नाही," ते म्हणाले. मी डोळे मिटले. टण, टण, टण. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही खोट नाही. इतकी निरोगी बोट मी तुमच्या शेडमध्येसुद्धा क्वचित ऐकली असेल. आणि डोळे उघडले तर ती समोर उभी, हात पाठीमागे बांधून, निकालाची वाट बघत असल्यासारखी.  ही बोट चांगली, म्हणजे माझी पोर समुद्रावर जाणार. मी म्हणाले, "तळाशी बद्द वाजतंय गं. ओल आहे आत."

तिला ते लगेच पटलं. मालकांचे आभार मानले आणि निघाली. गाडीत उलट माझेच लाड, म्हणे, "आई, तू होतीस म्हणून वाचले."

घरी येताना मला तुमची शेड आठवत राहिली. मी सातवीत आहे, अंगात कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर. चॅपलची बाकं तुम्ही दुरुस्त करून दिलीत आणि सिस्टरनी मला शाळेत घेतलं, म्हणून तो पिनाफोर मळू नये याची तुम्हाला केवढी काळजी. तुम्ही लाकडी हातोडी माझ्या हातात देता आणि एक होडी तपासायला सांगता. मला घरी जायची घाई. अर्धीच ठोकते आणि सांगते, चांगली आहे. तुम्ही ओरडत नाही. हातोडी परत माझ्या हातात ठेवता आणि म्हणता, "पुन्हा कर. कानाला आलं तेवढंच सांगायचं, मनातलं नाही." अंधार पडेपर्यंत तुम्ही शेजारी उभे होतात.

दुसरी बोट गेल्या रविवारी पाहिली, अलिबागजवळच्या एका यार्डात. ताजा रंग, केबिनमध्ये नव्या गाद्या, मालक गोडबोल्या. मी ठरवून गेले होते की या वेळी खरं तेच सांगायचं. बाजू चांगल्या निघाल्या. मग वर डेकवर चढले आणि डोलकाठी जिथे उभी राहते तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. ओल्या पोत्यावर आपटावी तसा आवाज. पुन्हा ठोकलं, वीतभर सगळीकडे तेच. आतलं लाकूड गेलंय, अण्णा. जोराचा वारा सुटला तर त्या काठीला धरून ठेवायला खाली काही नाही.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती हसली. चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, तुला बद्द ऐकू येत नाहीये. तुला भीती वाटतेय." मी म्हणाले, जाणकार माणूस बोलावून तपासून घे. तर म्हणे, आणखी एखादी बोट पाहिली तर तीही तुला बद्दच वाटेल. धरणावरची बोट विकली गेल्याचं तिला मागेच कळलं होतं. ते मला सांगताना तिचा चेहरा एवढासा झाला होता, आणि मी तिला म्हणाले होते, जाऊ दे, कुणीतरी फसला.

आता एकच गोष्ट तिला थांबवू शकते. पहिली बोट चांगली होती, हे मी तिला सांगायला हवं. मी खोटं बोलले हे कळल्यावरच तिला पटेल, की या वेळी खोटं बोलत नाहीये. ती आठला घरी येते. रविवारपासून रोज तिचं पान वाढते, समोर बसते, आणि भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंच विचारते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मी हे तिच्याआधी तुम्हाला लिहिलं, कारण हे ऐकून तुम्हाला आता माझ्याकडे वळून बघता येत नाही.