रामहरीच्या सहीची जागा

मी, आश्रुबा किसन उफाडे, वय एकाहत्तर, धंदा सॅक्सोफोन वाजवणे, राहणार सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, फक्त फुप्फुसे कामातून गेली आहेत. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मला नाही, हे माझी पत्नी कौशल्याबाई हिला विचारावे.

१. राहते घर व बँकेतली ठेव कौशल्याबाईची, तिच्या पश्चात मुलगी सुनिता हिची.

२. सॅक्सोफोन सुनिताला द्यावा. पुतण्या बंकट याने तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासाठी मागितला होता. त्याला देऊ नये. वाजवणारे कोणी मिळाले नाही तर मोडीत घालावा, पण शोभेला ठेवू नये.

३. हा सॅक्सोफोन मला उस्ताद बबनरावांनी दिला. ते हैदराबादेत एका गोव्याच्या बँडमास्तरकडे जॅझ शिकले होते. त्यांच्या माघारी मी, कॅसिओवर पंडित आणि ड्रमवर रामहरी, असे तिघे दर अक्षय तृतीयेला त्यांच्या नावाने त्यांचीच धून वाजवत आलो. लग्नाची दाट तिथी, तरी त्या दिवशी सुपारी घेतली नाही. धुनेत उस्तादांची पाळी आली की मी सॅक्सोफोन तोंडातून काढायचो, पंडित हात उचलायचा आणि रामहरी एकटा हळू ठेका धरून राहायचा. तेवढी जागा उस्तादांची.

४. सहा वर्षांपूर्वी रामहरीने नेमकी त्याच दिवशी तेलगावला डीजेच्या गाडीवर सुपारी घेतली. "मी मेलो तरी माझ्या दारात येऊ नको," असे मी त्याला चारचौघांत सुनावले. चूक त्याची होती, आजही त्याचीच आहे. पण तेव्हापासून आमचे वाजवणे बंद पडले. ठेका नसेल तर रिकामी जागा कुठे संपते ते कळत नाही.

५. माझ्या मयतीला डीजे आणू नये. पंडित व रामहरी यांनी तीच धून वाजवावी आणि माझी पाळी रिकामी सोडावी. तिथे दुसरा वाजवणारा उभा करू नये. मरणाची भीती वाटत नाही. रामहरी आला नाही तर माझी जागा कोण धरणार, याची वाटते.

६. पंडित व रामहरी यांना काही देत नाही. साक्षीदाराला वाटा ठेवता येत नाही, असे वकील म्हणाले, आणि मला हे दोघेच साक्षीदार हवेत. साक्षीदाराला समोर येऊन बसावेच लागते. म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला.

७. पंडित एकटाच आला. म्हणाला, "लई इनवनी केली, आश्रुबा. तो म्हणतो, त्यानंच सांगितलं व्हतं मेल्यावरबी येऊ नको. मंग जित्तेपनी कावून येऊ?" मला रडू आले, तेही लिहून ठेवतो.

८. वकिलांनी शेजारचे अभिमन्यू यांना सहीसाठी बोलावले आहे. त्यांनी तिसऱ्या ओळीवर सही करावी. दुसरी ओळ रामहरीची आहे. ती कोरी ठेवावी.

ठिकाण : सिरसाळा
अक्षय तृतीया, ३० एप्रिल २०२५

लिहून ठेवणार : आश्रुबा किसन उफाडे (सही)

समक्ष हजर साक्षीदार :
१. पंडित लक्ष्मण खंडागळे (सही)
२. 
३. अभिमन्यू दगडू मुंडे (सही)