कड्यावरून अकरा वेळा

प्रिय अण्णा,

लेकीचं कागदावरचं पत्र बघून तुला वाटेल, काही तरी वाईट बातमी आहे. तसं नाही. मी कोल्हापुरात ठीक आहे, जेवण वेळेवर आहे, नोकरीही अजून आहे.

दिवाळीत मी आमच्या कंपनीचा गेम आजऱ्याला आणला होता, आठवत असेल. घोडेस्वाराचा, डोंगर, नद्या, गावं, हवं तिथं जाता येतं. त्यातली बटणं तपासणं हे माझं काम. काजूच्या शेडमध्ये दुपारची सुट्टी झाली आणि तू पोत्यावर बसून माझ्या फोनवर खेळायला लागलास. कडा चढताना उजव्या अंगठ्याने पकडीचं बटण दाबून धरायचं, डाव्याने वर सरकायचं. पकड सुटली की स्वार खाली, आणि पुन्हा नदीपलीकडच्या चौकीपासून सुरुवात. तू अकरा वेळा पडलास. रत्नव्वा डबा खाता खाता म्हणाली, "अण्णा, घोडं खालीच थांबतंय बघ. त्येला तुझ्यापरास अक्कल हाय." बायका हसल्या, तूही हसलास. मग हळूच मला म्हणालास, "विद्या, मी दाबून धरलंय की. ह्योच सोडतोय."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "अण्णा, मशीन खोटं बोलत नाही. तू सोडतोस."

"व्हय, सोडलं असंल," म्हणून तू फोन परत दिलास आणि कटिंगच्या मशीनवर जाऊन बसलास. सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती. मी नोंद केली: खेळणाऱ्याची चूक.

गेम बाजारात आला आणि गेल्या महिन्यात तक्रारी यायला लागल्या. कड्यावर पकड आपोआप सुटते म्हणून. लिहिणाऱ्यांत एक गवंडी होता, एक वेल्डिंग करणारा. एवढ्या थोड्या लोकांसाठी बटणं बदलायची नाहीत, असं साहेबांचं मत. मी तुझी दिवाळीची नोंद उघडली. आमचा गेम प्रत्येक स्पर्श लिहून ठेवतो. अकराही वेळा तुझा स्पर्श सेकंदाच्या दहाव्या भागापुरता नाहीसा झाला होता आणि नेमका त्याच जागी परत आला होता. बोट उचलणारा माणूस इतक्या लवकर, त्याच ठिपक्यावर ते परत ठेवू शकत नाही. तू सोडलं नव्हतंस. काजूच्या टरफलाच्या तेलाने भाजून भाजून घट्टे पडलेलं बोट काचेला मधूनच कळेनासं होतं, एवढंच.

शाळेत असताना मी कटिंगच्या मशीनवर बसले की तू मला उठवायचास. परीक्षा लिहायची बोटं आहेत, म्हणायचास. त्याच बोटांनी मी ते बटण चारशे वेळा तपासलं आणि चारशेही वेळा ते बरोबर चाललं.

'खेळणाऱ्याची चूक' ही माझी नोंद मी बदलली आहे. एकदाच दाबलं की पकड राहील, अशी सोयही करून ठेवली आहे. साहेब अजून हो म्हणालेले नाहीत. पण हे पत्र त्यासाठी नाही. गेलं वर्षभर तू माझ्या मेसेजना उत्तर देत नाहीस. फोन करतोस, 'बरी हायस न्हवं?' विचारतोस आणि ठेवतोस. संक्रांतीला मी तुला लिहिलं होतं, एक ओळ टाइप करायला एवढं जड जातं का. त्यानंतर तुझे दोन फोन आले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत. काल नोंदीतले ते अकरा ठिपके बघताना संक्रांतीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. फोनवर हे बोलायला मला जमलं नसतं, आणि काचेवर तुला काही पाठवायचं धाडस उरलेलं नाही, म्हणून कागद. उत्तर लिहू नकोस. रविवारी सकाळच्या एसटीने येते आहे. फोन पिशवीतच राहील. आधी तुझे हात बघू दे.

तुझीच,
विद्या