तानूबाईचा अंगठा

पलूस, सोमवार, डिसेंबर १९४५

आज शाळा सुटल्यावर तानूबाई आली. लढाई संपली तरी तिचा लेक अजून पलटणीतच आहे. "आवं मास्तर, माज्या पोराला सोडा म्हनून सायबाला लिवा," म्हणाली. गावात इंग्रजी मलाच येतं, म्हणजे येतं असं सगळे समजतात.

सोडा! आपण गाय सोडतो, पाणी सोडतो, माणूसही सोडतो. साहेबाचं तसं नाही. रिलीज वेगळं, डिस्चार्ज वेगळं. आणि मी घाईत काय लिहिलं? डिसमिस! वर्ग सोडताना आमचे हेडमास्तर तेच म्हणायचे ना? तानूबाईनं खाली अंगठा उठवला, शाई केसांना पुसली आणि पाकीट टपालात टाकलं.

आत्ता कोश उघडला. डिसमिस म्हणजे बडतर्फ करणे. आईच म्हणते, पोराला हाकला? साहेब समजून घेईल? की खरंच हाकलेल?

दुसरा अर्ज लिहून ठेवलाय. यात रिलीज घातलंय. बहुतेक बरोबर असावं. पण खाली पुन्हा तिचा अंगठा हवा. आणि ती विचारणारच, "आनखी कशाला, मास्तर?"