टब तापेना

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टब आजही तापला नाही. ह्यांना काठी टेकवत मागच्या अंगणात नेलं. एक पाय आत टाकला आणि हू करून बाहेर काढला. मग माझ्यावरच डोळे वटारले — जसा काही मीच त्यात बर्फ टाकला!

एप्रिलात अंकितने पुण्याहून हा टब पाठवला तेव्हा वच्छलाबाई कुंपणावरून म्हणाली होती, ‘म्हशी धुवाले आनला काय वं?’ म्हशी कसल्या, नवऱ्याचा हात सोडवायला आणला. लकव्यानंतर ह्यांचा उजवा हात खांद्यापासून आखडलाय. गरम पाण्यात व्यायाम केला की सैल पडतो. उन्हाळ्यात पडलाही होता. तेव्हा हीटरची गरज कुणाला होती? तळेगावच्या उन्हात पाणी असं तापायचं की आम्ही वरून बर्फ सोडायचो. पावसाळाभर टब झाकलेला. आता थंडी पडली तेव्हा कळलं की ह्याला स्वतःहून तापता येत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अंकितचा फोन. ‘आई, फिल्टर धू.’ धुतला. अर्धा कडुनिंब निघाला त्यातून. पाणी थंड ते थंडच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकेश वायरमन आला. आल्या आल्या म्हणतो, ‘काकू, खटकाच खाली पडला हाय. ट्रिप मारून राह्यलं.’ मी कशाला वर बघते! नातवंडांचा हात लागू नये म्हणून टबाचा बोर्ड मुकेशनेच भिंतीवर उंच ठोकलाय, मला स्टूल लागतं. त्याने खटका वर केला. म्हणाला, एवढं पाणी तापायला एक दिवस आणि एक रात्र लागेल, मधे बंद पडू देऊ नका.

संध्याकाळी पाणी कोमट लागलं. उद्या व्यायामाच्या प्रेरणा मॅडम यायच्या आहेत, बरोबर वेळेवर झालं. ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकंही वर काढलं नाही. मनातून खूश होते, मला कळतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पाणी गार. खटका खाली.

मॅडमनी मग खुर्चीवरच हात उचलून पाहिला. छातीपर्यंत आला, पुढे नाही. ह्यांनी दात आवळले. मॅडम मला म्हणाल्या, ‘काकू, संक्रांतीपर्यंत हात खांद्याच्या वर गेला नाही तर मग तो तसाच राहील.’ मला म्हणाल्या. ज्यांचा हात ते समोरच बसले होते.

दिवसभर कशात लक्ष नाही. ह्याच हाताने दुकानात तागडी धरायचे. रुसले की ह्याच हाताने ताट सरकवायचे. आता चमचा डाव्या हातात धरतात, सांडतात, मी भरवायला गेले की हिसकावून घेतात. मी काही बोलत नाही.

खोटं. बोलते. मग रडूही येतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मुकेशने हीटरची कांडी काढली. बोअरच्या पाण्याने तिच्यावर पांढरी खपली धरली होती. लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून साफ केली. खटकाही नवा बसवला. ‘आता नाई पडत, काकू. पडला तं मिशी काढतो.’ त्याला मिशी आहे कुठे धड!

हे ओट्यावर बसून सगळं बघत होते. चहा देताना विचारलं, ‘काय म्हनते मुकेश?’ मी म्हटलं, ‘तुमाले काय करा लागते? चहा घ्या गरम गरम.’

२६ नोव्हेंबर

खाली.

२७ नोव्हेंबर

खाली. मुकेश फोन उचलत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटी आला. अर्थिंग पाहिलं, वायरी ओढून पाहिल्या, टबाला लाथ मारून पाहिली. काही सापडलं नाही. रोज सकाळी मीच स्टुलावर चढून खटका वर करते; आज दुपारपासून तीनदा तपासलं, वरच होता. म्हणजे दिवसा नीट चालतो आणि रात्रीच काय होतं? मुकेश म्हणे, ‘काकू, कवा पडते तेवढं पाहून ठेवजा. मंग पकडतो त्याले.’ भूत असल्यासारखा बोलतो.

अंकितचा फोन — राहू दे आई, टब परत पाठव, बाबांना इकडे आणतो. मी म्हटलं, संक्रांत अजून लांब आहे. तेवढं बोलले आणि फोन ठेवला. खरं तर मलाच धीर नाही. ह्यांना पुण्याच्या त्या सातव्या मजल्यावर बसवायचं म्हणजे पोपट पिंजऱ्यात घातल्यासारखं होईल. इथे निदान दारावरून जाणारा माणूस राम राम करतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज मालिका बुडवली. स्वयंपाकघरातला दिवा न लावता खिडकीशी बसले, अंगणातल्या बल्बच्या उजेडात खटक्यावर नजर ठेवून. आठ वाजता हे नेहमीसारखे काठी टेकत मागे संडासला गेले. परत येताना टबाशी थांबले. डावा हात काठीवर, तो सोडला तर पडतील. म्हणून उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला. खांद्यापर्यंत आला. मग सावकाश डोक्याच्याही वर गेला, बोर्डापर्यंत — आणि खट्.

मी धावत बाहेर. ‘तुमी पाडता हा खटका?’

‘मंग? गिझर कोनी रातभर चालू ठेवते काय? रोजच पाडतो. मले इचारलं कोनं?’

हे बोलून होईपर्यंत हात वरच होता. त्यांच्या लक्षातही नव्हतं.