नऊ इंचांच्या पलीकडं

९ नोव्हेंबर, रविवार

भोरच्या पोराकडून अँप्लिफायर घेतला सहा हजाराला. आज त्यालाच परत विकला साडेतीन हजाराला. मधे दोन फेऱ्यांचं पेट्रोल, एक जळालेली पिन, आणि रत्ना हसली ते वेगळं. बायकोच्या हसण्याचा भाव लावला तर वस्तू फारच महाग पडली.

चूक माझी. तो इलेक्ट्रिक गिटारचा होता. आपली गिटार लाकडी, पोकळ पोटाची. तिच्या मागं चिकटवायचा, आवाज उचलणारा पिकअप लावला, वायर जोडली, तर आवाज करवतीसारखा. किकवीत कुणाच्याही लग्नाला साऊंड माझा, आणि घरात वाजवायचा एक डबा मला निवडता येईना.

११ नोव्हेंबर

गोदामातला साऊंडचा मिक्सर आणि एक स्पीकर बॉक्स घरी आणून लावला. एक तार छेडली.

"अवो, मांडणीवरची भांडी हालत्यात," रत्ना आतून.

बंद केला.

सोमनाथ बॉक्स परत टेम्पोत चढवताना म्हणाला, "मालक, बारा बॉक्स उभं हायेत गोदामात, आन् तुमी डबा हुडकत फिरताय. गावाला कळलं तर धंदा बसंल."

त्याला काय सांगू. बारा बॉक्स लावून भिंतीपलीकडच्याला झोपेतून उठवता येतं. त्रासच द्यायचा असता तर एका संध्याकाळचं काम होतं. मला त्याला ऐकवायचंय. गिटार गिटारसारखीच ऐकू गेली पाहिजे.

१२ नोव्हेंबर

पलीकडचा म्हणजे दादा. थोरला भाऊ, चिमाजी. इथं तरी नाव लिहितो. इथं कोण बघतंय.

सायकलला एक कर्णा बांधून दोघांनी धंदा सुरू केला. वायरिंग माझं, बाकी आवाज त्याचा. बाकीचे साऊंडवाले माईक तपासताना हॅलो हॅलो करतात. दादा गिटार घ्यायचा. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली, हीच. त्यावर त्याची स्वतःची एक धून होती, दोन ओळींची. शेवटाला एक सूर अचानक वर चढायचा. तिथं मंडपात अक्षता निवडणाऱ्या बायका हात थांबवून वर बघायच्या. मग दादा म्हणायचा, "झालं, माईक चालू हाय."

मी वाजवायला गेलो की त्या जागी कायम खाली उतरायचो. दादा कुठंही असो. एकदा पंगतीत बसला होता, तोंडात घास. तिथनं ओरडला, "भिमा, वर घे!" सगळी पंगत हसली.

मग मी ट्रॉलीवर बॉक्स चढवले. धंदा मोठा झाला. मी केला. तीन वर्षांमागं भैरवनाथाच्या जत्रेत चार माणसांत दादा म्हणाला, "भिमा, तू आता आवाज न्हाई, गोंगाट विकतूयास."

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. घराच्या मधोमध नऊ इंची भिंत. दादानं आपलं दार मागच्या आळीला काढलं. वहिनी त्याआधीच वारल्या होत्या. त्याची लेक दिपाली वेल्ह्याला नांदते. म्हणजे तो एकटाच. गिटार गोदामात होती, ती मागायलाही आला नाही.

घरात सांगून टाकलं, त्याचं नाव काढायचं नाही. रत्नानं आजपर्यंत काढलेलं नाही. गावातही कुणाची टाप नाही माझ्यापुढं तो विषय काढायची. माझा शब्द तेवढा चालतो.

१३ नोव्हेंबर

न बोलताही मला पलीकडचं सगळं कळतं. संध्याकाळी कुकरची एकच शिट्टी. एकट्याचा भात. मग चपला ओढत चालणं. मग खोकला, कोरडा. सात वाजता टीव्ही.

एवढ्या बॉक्समधल्या स्पीकरचा फाटका कोन मी रस्त्यावरून सांगतो. सख्खा भाऊ मला चपलेवरून कळणार नाही?

१५ नोव्हेंबर

गोदामाची मागची भिंत त्याच गवंड्याची, त्याच विटांची. म्हणून तिथं प्रयोग केला. गिटार बॉक्सला जोडून सोमनाथला दिली, म्हटलं काहीही वाजव. आणि मी भिंतीमागं, उकिरड्याच्या बाजूला, कान लावून.

नुसतं ढब ढब. जाड आवाज भिंतीतून जातो. धून अलीकडंच राहते. बारीक आवाजाचं तर नावच नको. म्हणजे मोठा अँप्लिफायर घेऊन उपयोग नाही. पलीकडं जाईल तो गोंगाटच. दादाला आयतं सापडायचं.

मधला आवाज वेगळा उचलता येईल असा पाहिजे.

सोमनाथ गिटार ठेवताना घुटमळला. "मालक, एक बोलू का? ते पलीकडचं..."

"पलीकडचा विषय नाही," म्हटलं.

"बरं," म्हणाला, आणि टेम्पोचं बॉनेट उघडून उभा राहिला. बॉनेटखाली बघण्यासारखं काही नव्हतं.

१९ नोव्हेंबर

पुण्याला जाऊन आलो. दुकानातला मुलगा हुशार. दाढी कोरलेली, पण हुशार.

"काका, स्टेजला की घरी?"

"घरी."

"किती लांब ऐकू जायला पाहिजे?"

"नऊ इंच."

हसला. मी हसलो नाही. मग त्यानं मुकाट्यानं तीन अँप्लिफायर मांडले. पहिला गोड होता, पण गिटार जवळ नेली की शिट्टी मारायचा. दुसऱ्यात नको ते घुमणं. देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं. त्याला म्हटलं, घुमण्यानं चूक झाकली जाते. तो म्हणाला, "बरोबर, म्हणून तर लोक घेतात." मला चूक झाकायची नव्हती.

तिसरा घेतला. लहान, तीस वॅटचा. जाड, मधला, बारीक, तिन्हीला वेगळी बटणं. शिट्टी मारायला बंदी करणारं एक वेगळं बटण. असं एक बटण माणसांनाही पाहिजे.

२२ नोव्हेंबर

लावला. फरशीवर ठेवला तर जाड होतो. पाटावर ठेवला, तोंड भिंतीकडं. जाड आवाज पार खाली, मधला वर.

सातला पलीकडं टीव्ही लागला. मी धून सुरू केली. शेवटाला मुद्दाम खाली उतरलो. आता मला ती जागा नीट येते. तीन वर्षांत दुसरं काय केलं? पण नीट वाजवली तर दादा कशाला बोलेल. चुकीचा सूर त्याला कधी सहन झाला नाही. तोंडातला घास सोडून ओरडणारा माणूस तो.

दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा टीव्ही बारीक झाला.

रत्ना पीठ मळत होती. तिला माझं तोंड दिसू नये म्हणून वायर तपासायला खाली वाकलो.

२३ नोव्हेंबर

आजही बारीक केला.

२४ नोव्हेंबर

आजही. पण शब्द नाही.

२७ नोव्हेंबर

कापूरहोळच्या लग्नातनं उशिरा आलो, तरी वाजवली. सूर आणखी खाली नेला. टीव्ही बारीक. कुकर गप्प. चपला भिंतीजवळ आल्या, थांबल्या, गेल्या.

म्हणजे ऐकतोय. उभा राहून ऐकतोय. आणि तोंड उघडत नाही. "वर घे," एवढं म्हणायला काय जातं? मी तीन अँप्लिफायर पारखले, गिटारला पिकअप चिकटवला, पाटावर डबा मांडून पोरासारखा बसतो, आणि ह्याला दोन शब्द जड. माझा गोंगाट त्याला जत्रेत ऐकू येत होता, लगेच बोलता आलं. आता गोड वाजवतोय तर मौन.

म्हातारा दगड झालाय.

३० नोव्हेंबर, रविवार

रत्ना आज म्हणाली, "तितं शेवटाला चुकतंय तुमचं."

तिला कळलं. जिनं कधी तारेला हात लावला नाही तिला कळलं. आणि ज्याची धून त्याला नाही.

"माहीत आहे," म्हटलं.

"म्हाईत हाय तर नीट वाजवा की. कुनाला ऐकवताय?"

"कुणाला नाही."

ती पोळपाट घेऊन उभी राहिली. "अवो, त्ये..."

"नाव नाही काढायचं."

पोळपाट जोरात आपटला तिनं. पीठ उडालं ते अँप्लिफायरवर बसलं. फडक्यानं पुसत बसलो.

३ डिसेंबर

वाजवली नाही. पलीकडं टीव्ही मोठा. वाट बघू दे.

५ डिसेंबर

हरलो म्हणायचं तर म्हणा. आज नीट वाजवली. शेवटाला वर चढलो, जिथं तो चढायचा तिथंच. जमलं. खरंच जमलं. अँप्लिफायरनं एकही सूर पाडला नाही. बायका हात थांबवून वर बघतील असं.

आणि भिंतीपलीकडून खोकला. कोरडा, दोनदा. दादा स्टेजवर दाद द्यायचा तो असाच, तोंडानं कधी नाही. टीव्हीतला नाही, शेजारचा नाही, दादाचाच. हे कान कधी खोटं सांगत नाहीत.

परवा रविवार आहे. दिवसा मागच्या आळीनं जावं. गिटार घेऊन जावं. बघू.

७ डिसेंबर, रविवार

गेलो. दार एका तरण्या माणसानं उघडलं. बनियनवर, तोंडात ब्रश. गिटार बघून खूश झाला. "काका, तुमीच व्हय वाजवता? मी टीव्ही बारीक करून ऐकतो. लई भारी. पण परवा शेवट का बदलला? ते खाली उतरायचं तेच झाक होतं."

हनुमंत नाव. भाडेकरू. सारोळ्याकडं कंपनीत आहे. दसऱ्यापासून राहतो. दादा त्याच्याही आधी वेल्ह्याला गेला, दिपालीकडं, कायमचा.

रत्नाला विचारलं. म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता, नाव काढायचं न्हाई."

खोकला हनुमंतचा आहे. कंपनीतल्या धुळीचा.